विश्लेषण: जे जग अस्तित्वातच नाही, त्याचं संगीत कसं रचतात?

२००२ मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द टू टॉवर्स’चा ट्रेलर आला. त्यात तंतुवाद्यांवर एक छोटी सुरावट पुन्हा पुन्हा फिरत राहते. मग तिच्यावर ढोल चढतात, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन चढतात आणि शेवटी मोठा जनसमुदाय गातोय असं वाटावं इतकं प्रचंड समूहगान येतं. पडद्यावर किल्ले, घोडेस्वार, युद्ध. ही धून जगभर गाजली. अनेकांनी चित्रपटाच्या साउंडट्रॅकमध्ये ती शोधली, पण ती तिथे नव्हती. चित्रपटातही ती कुठेच वाजत नाही.

ती आली होती ‘रेक्विएम फॉर अ ड्रीम’ या २००० सालच्या चित्रपटातून. त्या चित्रपटाचा विषय अमली पदार्थांचं व्यसन आणि त्यातून उद्ध्वस्त होणारी माणसं. संगीतकार क्लिंट मॅन्सेल यांची ‘लक्स एटर्ना’ ही रचना क्रोनोस क्वार्टेट या चार वादकांच्या चमूने वाजवली होती. ट्रेलरसाठी तिच्यावर मोठा वाद्यवृंद आणि समूहगान चढवलं गेलं आणि ‘रेक्विएम फॉर अ टॉवर’ तयार झालं.

म्हणजे न्यूयॉर्कमधल्या व्यसनाधीन माणसांसाठी लिहिलेलं संगीत मध्य-पृथ्वीवरच्या महायुद्धालाही चपखल बसलं. मग प्रश्न असा पडतो, की एवढ्यावर काम भागत असेल तर त्याच चित्रपटांचे संगीतकार हॉवर्ड शोर जवळपास चार वर्षं नेमकं काय करत होते?

‘एपिक म्युझिक’ या नावाखाली आज जे ऐकलं जातं, त्यात या दोन्ही गोष्टी येतात. एका विशिष्ट काल्पनिक जगासाठी बारकाईने घडवलेलं संगीत आणि कोणत्याही जगाला चालेल असं तयार ठेवलेलं भव्य संगीत. कानाला दोन्ही सारखीच वाटू शकतात, पण ती बनतात अगदी वेगळ्या पद्धतीने.

सुरुवात कुठून झाली?

काल्पनिक विश्वाला स्वतःचं संगीत देण्याचा सर्वांत मोठा प्रयोग सिनेमाच्या जन्माआधीच झाला होता. जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर यांनी ‘द रिंग ऑफ द निबेलुंग’ ही चार ऑपेरांची मालिका रचायला २६ वर्षं घेतली. १८७६ मध्ये बायरॉइट इथे, खास यासाठी बांधलेल्या नाट्यगृहात ती पहिल्यांदा सलग सादर झाली. चारही भाग मिळून सुमारे पंधरा तासांचे. देव, बुटके, ड्रॅगन आणि एक शापित अंगठी असं कथानक. वाद्यवृंद प्रेक्षकांना दिसू नये म्हणून त्याची जागा रंगमंचाखाली झाकून टाकलेली. हवा तसा आवाज मिळेना म्हणून वाग्नर यांनी एक नवं पितळी वाद्यही बनवून घेतलं, ते आजही ‘वाग्नर ट्यूबा’ म्हणून ओळखलं जातं. बुटक्यांच्या भूमिगत लोहारशाळेसाठी त्यांनी चक्क १८ ऐरणी मागितल्या.

पण या मालिकेची सर्वांत टिकाऊ देणगी म्हणजे ‘लाइटमोटिफ’. एखादी व्यक्ती, वस्तू, ठिकाण किंवा कल्पना यांना एक छोटी सुरावट बांधून द्यायची आणि कथा पुढे सरकेल तशी ती सुरावट बदलत न्यायची. हे तंत्र समजायला जर्मनीत जायची गरज नाही. ‘शोले’मध्ये संध्याकाळी पायरीवर बसून जय माउथ ऑर्गन वाजवतो आणि वरच्या मजल्यावर राधा दिवे मालवत असते. ती धून पुन्हा ऐकू आली की राधाचं नाव कुणी घ्यावं लागत नाही.

वाग्नर यांच्यानंतर आणखी एका माणसाचा उल्लेख टाळता येत नाही, तो म्हणजे इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्ट. त्यांच्या ‘द प्लॅनेट्स’ या १९१४ ते १९१७ दरम्यान रचलेल्या वाद्यवृंदरचनेतला पहिला भाग म्हणजे युद्धदेव ‘मार्स’. पाच मात्रांचा हट्टी ठेका, तंतुवाद्यांच्या तारांवर गजाच्या लाकडाने केलेले आघात आणि वर पितळी वाद्यांचा गजर. अंतराळयुद्धाचा कोणताही सिनेमा आठवा, त्यात या रचनेची सावली सापडतेच. हेच होल्स्ट संस्कृत शिकले होते. ऋग्वेदातल्या सूक्तांचे त्यांनी स्वतः अनुवाद करून त्यांना चाली दिल्या आणि महाभारतातल्या सावित्रीच्या कथेवर एक छोटा ऑपेराही लिहिला. हॉलिवूडच्या ‘परग्रहावरच्या’ आवाजामागचा माणूस सत्यवान-सावित्रीत रमलेला होता, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

पुढे व्हिएन्नामध्ये वाढलेले मॅक्स स्टाइनर आणि एरिक कोर्नगोल्ड हॉलिवूडमध्ये पोहोचले आणि ऑपेराची ही सगळी शिदोरी सिनेमात आली. १९३३ च्या ‘किंग काँग’ला स्टाइनर यांनी दिलेलं संगीत हा त्यातला मैलाचा दगड. १९७७ मध्ये जॉन विल्यम्स यांनी ‘स्टार वॉर्स’साठी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा घेतला. तेव्हा विज्ञानपटांना इलेक्ट्रॉनिक आवाज देण्याची चाल होती. विल्यम्स आणि दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांनी उलट विचार केला: पडद्यावरचं सगळंच अनोळखी आहे, तर निदान कानावर पडणारं तरी ओळखीचं असावं. तो डाव इतका यशस्वी ठरला की ‘दुसरं जग म्हणजे सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ हे समीकरणच झालं.

शोर यांनी नेमकं काय केलं?

कॅनडाचे हॉवर्ड शोर यांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तीन चित्रपटांसाठी जे केलं, त्याला पार्श्वसंगीत म्हणणं थोडं अपुरं पडतं. जे. आर. आर. टॉल्किन हे ऑक्सफर्डचे भाषातज्ज्ञ. त्यांनी आधी भाषा रचल्या आणि मग त्या बोलणारे लोक. शोर यांनी संगीताच्या बाबतीत तसंच काहीसं केलं. प्रत्येक समाजाला स्वतःची वाद्यं, स्वतःचा ठेका आणि स्वतःची गाण्याची भाषा दिली. तिन्ही चित्रपट मिळून अशा ऐंशीहून जास्त ओळखसुरावटी आहेत. पुढे ध्वनिमुद्रणाच्या पूर्ण आवृत्त्या निघाल्या, त्या जवळपास दहा तासांच्या आहेत.

हॉबिटांच्या शायरमध्ये बासरीच्या कुळातली छोटी टिन व्हिसल, गावरान फिडल आणि आयरिश डफ. सुरावट इतकी सोपी की लहान मूलही गुणगुणेल. घोडेस्वारांच्या रोहानसाठी नॉर्वेचं हार्डँगर फिडल. या वाद्याला वाजवायच्या चार तारांखाली आणखी काही तारा असतात. त्यांना हात लावायचा नसतो, त्या आपोआप झंकारतात. सारंगी किंवा सतारीतल्या तरफेच्या तारा पाहिलेल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. रोहानच्या उजाड माळावर येणारी ती किंचित घोगरी, थंडीने गारठलेली आस तिथूनच येते.

आयझेनगार्ड हा सारूमानचा कारखाना. जंगल तोडून भट्ट्या पेटवणारा. तिथे पाच मात्रांचा ठेका आहे आणि त्यावर लोखंडी पत्रे, ऐरणी आणि पियानोच्या तारांवर आपटलेल्या साखळ्या. झपतालावर पोसलेल्या कानाला पाचाचा हिशेब विचित्र वाटणार नाही, पण पाश्चात्त्य कूचसंगीत दोन-चारच्या पावलांवर चालतं. पाचवी मात्रा आली की ते सैन्य एक पाय ओढत चालल्यासारखं वाटतं. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी निसर्गाविरुद्ध चाललंय हे कळतं.

मोरियाच्या बुटक्यांच्या ओस पडलेल्या खाणीसाठी त्यांनी न्यूझीलंडमधल्या माओरी आणि सामोअन पुरुष गायकांचे खर्जातले आवाज घेतले. शब्द टॉल्किन यांच्या खुझ्दूल या बुटक्यांच्या भाषेतले. इतरत्र क्वेन्या, सिंदारिन, काळी बोली अशा टॉल्किननिर्मित भाषा आहेत, तर रोहानसाठी जुनी इंग्रजी. मूळ मजकूर मुख्यतः पटकथाकार फिलिपा बॉयन्स यांचा आणि त्याचा या भाषांमध्ये अनुवाद भाषातज्ज्ञ डेव्हिड सॅलो यांचा. प्रेक्षकांपैकी जवळपास कुणालाही ते शब्द कळणार नव्हते. तरीही ते खरे शब्द आहेत, त्यांना अर्थ आहे आणि तो त्या दृश्याशी जोडलेला आहे.

खरी कमाल मात्र या सुरावटी वाढतात कशा, यात आहे. गोंडोर या मानवी राज्याची सुरावट पहिल्या चित्रपटात बोरोमिर आपल्या देशाबद्दल बोलतो तेव्हा एकट्या हॉर्नवर हळूच येते आणि विरते. पाहणाऱ्याला गोंडोर अजून दिसलेलं नाही. तिसऱ्या चित्रपटात गँडाल्फ पांढऱ्या नगरीचे चढ घोड्यावरून चढत जातो आणि तीच सुरावट सगळ्या पितळी वाद्यांवर फुटते. मधल्या दोन वर्षांत प्रेक्षकाने ती जाणीवपूर्वक लक्षात ठेवलेली नसते, तरी ते नगर ओळखीचं वाटतं. पर्वतशिखरांवर एकामागून एक मशाली पेटत जातात, त्या प्रसिद्ध दृश्यात बराच वेळ संवादच नाही. सगळा अर्थ संगीतच वाहून नेतं. मशाली पेटवणाऱ्या त्या राखणदारांना आपण ओळखत नाही, पण मदतीची हाक जातेय हे कळून घसा दाटतो.

याउलट नऊ सोबत्यांच्या मेळ्याची सुरावट. मेळा जमत असताना ती तुकड्यातुकड्याने जमते, सगळे एकत्र निघाले की पूर्ण वाजते आणि गँडाल्फ पडल्यावर तिला पुन्हा तडे जातात. ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’साठी शोर यांना ऑस्कर मिळालं. ‘द रिटर्न ऑफ द किंग’च्या संगीतालाही मिळालं आणि त्यातल्या ‘इनटू द वेस्ट’ या गाण्यासाठी फ्रॅन वॉल्श आणि अॅनी लेनॉक्स यांच्यासोबत आणखी एक.

ट्रेलरला वेगळं संगीत का लागतं?

याचं पहिलं कारण व्यवहाराचं आहे. चित्रपटाचं पार्श्वसंगीत संकलन होत आल्यावर, अगदी शेवटी ध्वनिमुद्रित होतं. ट्रेलर त्याच्या कितीतरी महिने आधी लागतो. म्हणून ट्रेलर बनवणाऱ्या कंपन्या पूर्वी जुन्या चित्रपटांचं संगीत किंवा कार्ल ऑर्फ यांच्या १९३७ च्या ‘कार्मिना बुराना’मधला ‘ओ फॉर्चुना’ हा कोरस वापरायच्या. तो इतका वापरला गेला की पुढे त्याची टिंगल होऊ लागली.

ही गरज ओळखून लॉस एंजेलिसमध्ये एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला. १९९० च्या दशकात ‘इमिजिएट म्युझिक’ आणि २००६ मध्ये ‘टू स्टेप्स फ्रॉम हेल’ ही त्यातली ठळक नावं. दुसरी कंपनी नॉर्वेचे थॉमस बर्गरसन आणि निक फिनिक्स यांची. या कंपन्या कोणत्याही विशिष्ट चित्रपटासाठी लिहीत नाहीत. त्या तयार रचनांचे अल्बम बनवून ट्रेलर कंपन्यांकडे पाठवतात. ज्याला जी रचना हवी, त्याने तिचा परवाना विकत घ्यायचा.

साहजिकच रचनेचा साचा ट्रेलरच्या साच्यावर बेतलेला असतो. दोन-अडीच मिनिटं. सुरुवात शांत, एखादा पियानो किंवा एकटा आवाज. मग तंतुवाद्यांची धावती, एकाच जागी फिरणारी पट्टी. मग ढोल. मधे एक अचानक शांतता, जिथे नायकाचं एखादं वाक्य बसवता येईल. शेवटी सगळं एकत्र. संकलकाला कापाकापी सोपी जावी म्हणून ढोल, तंतुवाद्यं, समूहगान हे सगळे थर वेगवेगळेही दिले जातात. नको तो थर काढायचा आणि पुढे जायचं.

स्वरांचाही एक ठरलेला मार्ग आहे. पाश्चात्त्य संगीतात एका वेळी वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या गुच्छाला कॉर्ड म्हणतात. ए मायनर, एफ मेजर, सी मेजर, जी मेजर अशी चार कॉर्डची साखळी घेतली की उदास सुरुवात, मधे उजेड आणि पुन्हा वर चढून मूळ जागी, असं वर्तुळ मिळतं. ते कितीही वेळ फिरवता येतं, थांबायची घाईच नसते. दुसरी युक्ती ‘इथलं नाही’ असा भास देण्यासाठी. सी मेजरनंतर एकदम ए फ्लॅट मेजर वाजवायचा. दोन्हींत एक स्वर सामाईक, बाकीचे परके. एक पाय घरात ठेवून दुसरा अंगणाऐवजी भलत्याच मुलखात पडावा, तसं काहीसं. जादू, अंतराळ, ड्रॅगन यांच्यासोबत ही जोडी हमखास भेटते.

आणि समूहगान? अनेकदा ते लॅटिन किंवा लॅटिनसारखं वाटणारं काहीतरी असतं, कधी नुसती अर्थहीन अक्षरं. शोर यांच्या खुझ्दूलच्या अगदी उलट टोक.

यात गंमत अशी झाली, की हे संगीत लोकांना स्वतंत्रपणेच आवडू लागलं. ‘टू स्टेप्स फ्रॉम हेल’चे सुरुवातीचे अल्बम फक्त चित्रपट उद्योगासाठी होते, सामान्य माणसाला ते विकत मिळत नसत. मागणी इतकी वाढली की २०१० मध्ये त्यांनी ‘इन्व्हिन्सिबल’ हा पहिला अल्बम लोकांसाठी काढला. २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉल्ट डिस्ने कॉन्सर्ट हॉलमध्ये त्यांचा प्रत्यक्ष कार्यक्रम झाला. कोणत्याही चित्रपटाशिवाय, कथेशिवाय.

या संगीताला हिणवण्याची फॅशन आहे, पण त्याच्या लोकप्रियतेमागे एक साधी गोष्ट आहे. त्यात जग रिकामं ठेवलेलं असतं. शोर यांचं रोहान फक्त रोहान असू शकतं. बर्गरसन यांच्या रचनेत ऐकणारा स्वतःचं काहीही बसवू शकतो. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, पहाटेची धाव, अर्धवट लिहिलेली कादंबरी. तिथे नायक ऐकणाराच असतो. एवढं मोकळं आमंत्रण फार कमी संगीत देतं.

सगळं सारखंच का वाटू लागलं?

ही अडचण मात्र खरी आहे आणि तिचं मूळ ‘टेम्प ट्रॅक’ नावाच्या सवयीत आहे. संकलनाच्या टेबलावर नवं संगीत नसतं, म्हणून दिग्दर्शक आणि संकलक तात्पुरतं दुसऱ्या कुठल्यातरी चित्रपटाचं संगीत लावून काम करतात. महिनोन्महिने तेच ऐकून ते कानात बसतं. मग नव्या संगीतकाराला सांगितलं जातं, ‘असंच काहीतरी द्या’. त्याने दिलेलं संगीत पुढच्या चित्रपटाचं टेम्प होतं.

याचं सर्वांत कडवट उदाहरण १९६८ चं. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’साठी अॅलेक्स नॉर्थ यांनी संगीत रचलं आणि ध्वनिमुद्रितही केलं. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी शेवटी तात्पुरतं लावलेलं अभिजात संगीतच कायम ठेवलं. नॉर्थ यांना हे समजलं ते चित्रपट पाहायला गेल्यावर. कुब्रिक यांची निवड इतिहासात अजरामर झाली, हा भाग वेगळा. प्रत्येक दिग्दर्शक कुब्रिक नसतो.

२०१६ मध्ये ‘एव्हरी फ्रेम अ पेंटिंग’ या यूट्यूब वाहिनीने यावर एक व्हिडिओ केला. रस्त्यावरच्या लोकांना ‘स्टार वॉर्स’ची धून गायला सांगितली, ती त्यांना आली. मग मार्व्हलच्या चित्रपटांतली एखादी धून गा म्हटलं, तर लोक गप्प. जगातली सर्वाधिक कमाई करणारी चित्रपटमालिका आणि तिची ओळखीची सुरावट नाही, याचं एक कारण हेच टेम्प ट्रॅकचं चक्र असल्याचं त्या व्हिडिओचं म्हणणं होतं.

दुसरं कारण तंत्रज्ञानाचं. आज व्हायोलिनच्या एकेका स्वराची शेकडो ध्वनिमुद्रणं संगणकात भरलेली ‘सॅम्पल लायब्ररी’ विकत मिळते. कीबोर्डची पट्टी दाबली की अख्खा तंतुवाद्य विभाग वाजतो. एका प्रसिद्ध समूहगान लायब्ररीत तर शब्द टंकले की कोरस ते गातो. निक फिनिक्स आणि बर्गरसन यांनी अशा लायब्ररीच्या निर्मितीतही भाग घेतला, म्हणजे ट्रेलरचा आवाज ज्यांनी घडवला त्यांनी तो आवाज बनवण्याची हत्यारंही बाजारात आणली. त्यामुळे साताऱ्यातल्या एखाद्या मुलालाही आज घरबसल्या शंभर वादकांची रचना करता येते. पण जगभरचे हजारो संगीतकार तीच व्हायोलिनं, तेच ढोल वापरतात, त्यामुळे आवाजाची कातडीही सगळीकडे तीच.

वादकांचं काय होतं, हे मुंबईला कुणी वेगळं सांगायला नको. चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात मुंबईच्या स्टुडिओंत मोठमोठे वाद्यवृंद बसत. त्यांत गोव्याच्या वादकांचा वाटा मोठा. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांमध्ये स्टाफ नोटेशन शिकलेले हे लोक. अँथनी गोन्साल्विस, सॅबेस्टियन डिसूझा यांच्यासारख्या अरेंजरांनी हिंदी गाण्यांना तो भरगच्च आवाज दिला. कीबोर्ड आणि संगणकीय ध्वनिमुद्रण आल्यावर १९९० च्या दशकात ते वाद्यवृंद ओसरले. २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांना सिम्फनी ऑर्केस्ट्रा हवा होता, तेव्हा ते लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर गेले. नागराज मंजुळे यांच्या चित्रपटातलं जग काल्पनिक नाही, अगदी करमाळ्याच्या मातीतलं आहे. पण पहिल्या प्रेमात पडलेल्या पोराला आपलं गाव महाकाव्याएवढं वाटतं, ते त्या व्हायोलिनांनी ऐकवलं.

आता पुढची पायरी कृत्रिम बुद्धिमत्तेची. ‘सुनो’, ‘युडिओ’ यांसारख्या सेवांना ‘एपिक ऑर्केस्ट्रा’ एवढं लिहून दिलं की मिनिटभरात रचना मिळते. जून २०२४ मध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी या दोन्हींवर कॉपीराइट भंगाचे खटले भरले. जे संगीत मुळातच साच्यातून बनत होतं, त्याची नक्कल यंत्राला सर्वांत आधी जमणार हे उघड आहे.

दुसरं जग म्हणजे कुणाचं जग?

या प्रकारच्या संगीतावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे. काल्पनिक जगातलं ‘आपलं’ राज्य वाजतं युरोपीय वाद्यांवर आणि ‘गूढ’ किंवा ‘परकं’ काही दाखवायचं असेल तर पूर्वेकडची वाद्यं काढली जातात. वाळवंट दिसलं की आर्मेनियाचं डुडुक, सोबत शब्द न कळणारा स्त्रीचा विलाप. शोरही यातून सुटत नाहीत. अरण्यातल्या एल्फांच्या लोथलोरिएनसाठी त्यांनी सारंगी आणि अरबी-इराणी परंपरेतली ‘ने’ ही बासरी वापरली. परिणाम सुंदर आहे. पण ज्या श्रोत्याने सारंगीवर मारवा ऐकलाय, त्याला ती मनुष्येतरांची भाषा कशी वाटावी?

‘ब्लॅक पँथर’चं संगीत करताना स्वीडनचे लुडविग गोरान्सन यांनी वेगळा रस्ता धरला. वकांडा हा देश काल्पनिक, पण आफ्रिका खरी. ते सेनेगलला गेले, गायक बाबा माल यांच्यासोबत फिरले आणि तिथल्या वादकांचा ‘बोलका ढोल’ मुख्य सुरावटीच्या केंद्रस्थानी आणला. त्यासाठी त्यांना २०१९ मध्ये ऑस्कर मिळालं. ‘ड्यून’साठी हान्स झिमर यांचा प्रश्न आणखी मुळाशी जाणारा होता: हजारो वर्षांनंतरच्या परग्रहावर एकोणिसाव्या शतकातला युरोपीय वाद्यवृंद कशासाठी? त्यांनी नवी वाद्यं बनवून घेतली आणि माणसाच्या, विशेषतः स्त्रियांच्या आवाजावर भर दिला. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये तर निर्मात्यांनी रामिन जवादी यांना सुरुवातीलाच सांगितलं होतं, की बासरी नको, कारण कल्पनारम्य कथांमध्ये ती फार झाली. म्हणून तिथे चेलो पुढे आला.

भारतात याचं ठळक उदाहरण ‘बाहुबली’. एम. एम. कीरवाणी यांनी ढोल आणि समूहगानाचा भव्य साचा घेतला, पण तो श्लोकाच्या उच्चारावर उभा केला. संस्कृतप्रचुर कोरस भारतीय कानाला परका वाटत नाही, तो देवळातून आल्यासारखा वाटतो. याच चित्रपटात कालकेय टोळीसाठी मदन कार्की यांनी ‘किलिकी’ ही अख्खी भाषा रचली. टॉल्किन यांच्या वाटेवरचंच हे पाऊल.

ऐकायचं असेल तर?

फरक कानाने समजून घ्यायचा तर आधी होल्स्ट यांचं ‘मार्स’ ऐकावं आणि लगेच शोर यांची आयझेनगार्डची सुरावट, पाच मात्रा मोजत. मग ‘लक्स एटर्ना’ आणि ‘रेक्विएम फॉर अ टॉवर’ पाठोपाठ. व्हिडिओ गेमकडे जायचं तर ‘स्कायरिम’ची मुख्य धून. जेरेमी सोल यांनी ती ड्रॅगनांच्या बनवलेल्या भाषेत गाऊन घेतली. तीसेक गायकांचे आवाज तीन वेळा ध्वनिमुद्रित करून एकावर एक रचले, म्हणजे नव्वद जण गात असल्यासारखं वाटावं.

आणि शेवटी जवादी यांचं ‘लाइट ऑफ द सेव्हन’. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची पाच पर्वं होऊन गेली तरी पियानो कधी वाजला नव्हता. २०१६ मध्ये सहाव्या पर्वाच्या अखेरच्या भागात राजधानीतले लोक एकेक करून कपडे चढवत असतात आणि पियानोचे सुटे सुटे स्वर पडू लागतात. ढोल नाहीत, रणशिंगं नाहीत. जवळपास दहा मिनिटांच्या या रचनेत बराच काळ आवाजापेक्षा शांतताच जास्त आहे. तरी आज या नगरात काहीतरी भयंकर घडणार, हे पडद्यावरच्या कुणाच्याही आधी ऐकणाऱ्याला कळलेलं असतं.